सहा शतांश

कुवेतमध्ये, शुवैखमधल्या आमच्या दुकानात मोजमापाची हत्यारं विकतात. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज, असलंच सगळं. पुण्यात डिप्लोमा करून मी तिथे लागले, तेव्हा काउंटरवर मुझफ्फर पारकर पंचवीस वर्षं जुने झाले होते. मूळचे दाभोळ खाडीकाठचे. बायको ताहिरा गावाला, आणि हे बनेद अल-गारमध्ये चौघांच्या खोलीत. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागले.

चाचांचा एक नेम होता. विकलेलं कोणतंही हत्यार तपासल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत. गेज ब्लॉक म्हणजे पोलादाचा एक गुळगुळीत ठोकळा, बरोब्बर पन्नास मिलिमीटरचा. तो हत्याराच्या जबड्यात धरायचा, वाचायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि खाली सही करायची. मालकांना हा वेळेचा अपव्यय वाटे. पण गिऱ्हाइकं त्या चिठ्ठीसाठीच येत.

मागच्या ऑक्टोबरात बद्र नावाचे एक कुवेती गृहस्थ आले. तेल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, पासष्टीचे, नेमबाजीचं वेड. क्लबाच्या परवान्यानं, क्लबाच्याच वर्कशॉपात ते आपली काडतुसं स्वतः भरायचे. वापरलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, साफ करायची, कापून मापात आणायची आणि पुन्हा भरायची. हिंदी त्यांना कामापुरती येत होती. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात एका महागड्या डिजिटल कॅलिपरचा फोटो होता. दशांश चिन्हापुढे तीन आकडे.

चाचांनी फोटो पाहिलाच नाही. "मोजायचं काय आहे, साहेब?"

बद्रनी खिशातून रिकामी केस काढून काउंटरवर ठेवली. "लांबी. मर्यादेपेक्षा जास्त झाली तर केसचं तोंड नळीच्या सुरुवातीलाच अडकतं आणि गोळी आवळली जाते. मग दाब वाढतो. बंदूक फुटेलच असं नाही, पण फुटणार नाही असंही कुणी सांगू शकत नाही."

"आधीचं काय वापरत होतात?"

"दोन डिजिटल. दोन्ही गाडीत राहिले आणि उन्हाळ्यात पडदे काळे पडले."

चाचा हसले. "तीन आकडे दिसतात म्हणून तीनही खरे असतात असं नाही, साहेब. जबडा एवढासा तिरका धरला की शेवटचा आकडा नुसती शोभा. लांबीला साधा व्हर्नियर घ्या. त्याला ना सेल, ना दातेरी चाक. नुसत्या रेघा. तोंडाच्या भिंतीची जाडी बघायला मायक्रोमीटर. आणि हा पन्नासचा ठोकळा घ्याच, दर वेळी आधी त्याच्यावर पडताळायचं. आणखी एक, गाडीतनं काढून लगेच मोजू नका. पितळ आणि पोलाद एका खोलीत तासभर पडून राहू देत."

बद्रना हा माणूस पटला. महागडं हत्यार विकायचं राहिलं, म्हणून मालकांचं तोंड वाकडं झालं. ठोकळा आमच्याकडे शिल्लक नव्हता, तो पंधरा दिवसांनी रुमैथियाला त्यांच्या घरी पोचवायचं ठरलं. चाचांनी नव्या खोक्यातला व्हर्नियर काढला, दुकानातल्या ठोकळ्यावर धरला, चिठ्ठी लिहिली: ५०.००. सही केली.

ठोकळा आला आणि पाठवलाही. पण बद्रनी तो उघडलाच नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं. चाचांची चिठ्ठी होती ना, मग पुन्हा कशाला तपासायचं?

डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी त्याच खोक्यातला शेवटचा व्हर्नियर विकला गेला. चाचांनी तो ठोकळ्यावर धरला आणि मला म्हणाले, "लिही गो, पन्नास पूर्ण."

मी सहज त्यांच्या हातातून घेतला. मला चष्मा नाही, नजर चांगली आहे. "चाचा, एकोणपन्नास पूर्णांक चौऱ्याण्णव."

"नीट बघ."

मी भिंगाखाली धरला. "चौऱ्याण्णवच. सहा शतांश कमी दाखवतोय."

त्यांनी तो परत घेतला, खिडकीपाशी गेले, आधी एका डोळ्यापाशी धरला, मग दुसऱ्या. व्हर्नियरवर एकच रेघ वरच्या रेघेशी जुळते, ती शोधायची असते.

"मला चार रेघा जुळलेल्या दिसतात," ते म्हणाले. "चार महिने तरी तसंच दिसतंय. मला वाटलं खिडकीचा उजेड कमी झालाय."

मोतीबिंदू. त्यांना संशय होता, पण डॉक्टरकडे गेले नव्हते. डोळे गेलेला माणूस मोजमापाच्या दुकानात कशाला ठेवतील, आणि नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला. त्यांनी हे मला तिथेच, त्या खिडकीपाशी, एकदाच सांगितलं.

त्या खोक्यातला सगळा मालच कारखान्यातून चुकीचा आला असणार. हा सोडून आधीचे अकरा व्हर्नियर विकले गेले होते. त्यातले दहा सुताराकडे, पाइपवाल्याकडे, गॅरेजात. तिथे सहा शतांशांनी काही बिघडणार नव्हतं. अकरावं नाव बद्र.

चाचांनी फोन लावला. बंद. संध्याकाळपर्यंत सात वेळा लावला.

"व्हर्नियर कमी दाखवतो म्हणजे केस खरी जास्त लांब," ते मला म्हणाले. "बद्रसाहेब मर्यादेवर आणून थांबले असतील, तर मर्यादा ओलांडून बसलेत. माझ्या सहीवर."

शुक्रवारी सकाळी त्यांनी टॅक्सी केली. माझा हट्ट होता, म्हणून मीही बरोबर गेले. ठोकळा पाठवला होता तोच पत्ता. बद्र दारातच होते, गाडीत बंदुकीची पेटी ठेवत होते. दुपारी क्लबात स्पर्धा होती.

चाचांनी सलाम केला आणि लगेच म्हणाले, "साहेब, भरलेलं एकही काडतूस आज वापरू नका. मी दिलेला व्हर्नियर चुकीचा आहे. मी चुकीचं वाचलं. माझे डोळे गेलेत."

बद्रनी पेटीचं झाकण लावलं. मग घरात जाऊन ठोकळ्याचं पाकीट घेऊन आले. "गाडीत बसा."

आम्ही तिघं क्लबात गेलो. वर्कशॉपात बद्रनी ठोकळ्याचं पाकीट पहिल्यांदा फोडलं, व्हर्नियर त्यावर लावला आणि मला वाचायला सांगितलं. एकोणपन्नास पूर्णांक चौऱ्याण्णव. मग कपाटातून स्पर्धेसाठी भरलेली वीस काडतुसं काढली, एकेक मोजली, आणि प्रत्येक आकड्यात मी सहा शतांश मिळवत गेले. चौदा मापात होती. सहा मर्यादेबाहेर.

बद्रनी ती सहा वेगळी ठेवली. मग उरलेली चौदाही त्या सहांच्याच शेजारी सरकवली.

"रागावलोय मी," ते म्हणाले. "तुझ्यावर, आणि माझ्यावरही. ठोकळा दोन महिने घरात पडून होता." मग त्यांनी विचारलं, "फोन लागला नाही म्हणून सोडून दिलं असतंस तर कुणाला कळलं असतं?"

"मला," चाचा म्हणाले.

बद्रनी त्या दिवशी स्पर्धा सोडली. वीसही काडतुसं त्यांनी तिथेच उकलायला घेतली. आम्ही निघालो तेव्हा चाचांना म्हणाले, "मालकाला तू स्वतः सांग. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

शनिवारी चाचांनी मालकांना सांगितलं. मी बाहेर होते, आतलं सगळं ऐकू आलं नाही. मालकांचा आवाज चढला एवढं कळलं. अकराही व्हर्नियर परत मागवायचे ठरले आणि चाचांना तपासणीच्या टेबलावरून काढलं. नोकरीवरूनच काढणार होते. पण दोन दिवसांनी बद्र दुकानात आले, मालकांच्या केबिनमध्ये अर्धा तास बसले आणि जाताना एक नवा व्हर्नियर विकत घेऊन गेले. नोकरी राहिली. काय बोलणं झालं ते बद्रनी सांगितलं नाही, आणि चाचांनी विचारलं नाही.

ऑपरेशन जानेवारीत झालं, आधी उजव्या डोळ्याचं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा मी डबा घेऊन गेले होते. चाचा ताहिराचाचींशी व्हिडिओवर बोलत होते. हे सगळं त्यांनी तिच्यापासूनही लपवलं होतं, त्यामुळे पहिली दहा मिनिटं बोलणी खाण्यात गेली. मग ते फोन डोळ्याजवळ नेऊन बघायला लागले.

"तुझे एवढे केस पिकले कधी गो?"

"दोन वर्षं झाली," पलीकडून आवाज आला. "तुम्ही दर वेळी म्हणायचात, छान दिसतेस."

चाचा ओशाळले, मग हसले, आणि पाणावलेला डोळा पुसू लागले. डोळ्याला हात लावायचा नाही, म्हणून नर्स ओरडली.

आता ते पुन्हा टेबलावर बसतात. वाचतात ते, लिहिते मी, आणि मग हत्यार माझ्या हातात देऊन म्हणतात, "आता तू वाच." चिठ्ठीवर दोन सह्या असतात. यात वेळ जातो, घाईतलं गिऱ्हाईक कुरकुरतं. चाचा त्याला स्टूल पुढे करतात.