जीपची पुढची सीट

चार जुने खेळाडू भेटले की गोलांच्या गोष्टी दोन मिनिटांत संपतात. मग सुरू होतं, मालकाजवळ कोणाचं वजन किती होतं! नव्वदच्या दशकातल्या आमच्या राजुऱ्याच्या फुटबॉल टीमचे असे किस्से इतके साचलेत, की ऐकणारा सापडला तर आम्ही त्याला चहा पाजून बसवून घेतो.

टीमचे मालक भाऊ. कापसाची जिनिंग त्यांची, जर्सी त्यांची, जीपही त्यांचीच. मॅचला निघताना भाऊ ज्याला पुढच्या सीटवर बसवतील, तो आज खेळणार हे पक्कं. त्यामुळे आमची खरी प्रॅक्टिस जीपच्या दाराशीच चालायची.

*

सगळ्यात जास्त गोल पोचूचे आणि वजन शून्य! कारण तोंड. एकदा हाफटाइमला भाऊंनी विचारलं, "काऊन रे पोचू, गोल काऊन नाई होऊन राह्यला?"

"तुमी गोलच्या मागंच उभे राह्यता भाऊ. बॉल तुमाले लागंल म्हणून भेव वाटते!"

पुढच्या मॅचला पोचू एसटीने आला.

*

गडचांदूरच्या मॅचला भाऊंनी भाच्याला पुढे खेळवलं. भाच्याने पाचव्या मिनिटाला सणसणीत गोल मारला, आपल्याच गोलकीपरवर! आम्ही डोक्याला हात लावला. भाऊ मात्र टाळ्या वाजवत होते.

"पोरानं गोल तं मारला ना! कुठी मारला ते मंग पाहू!"

*

खरं वजन मात्र गणपतचं. तो पहिला गोलकीपर, घरचा धंदा तलावातली मासेमारी. मॅचच्या दिवशी सकाळी तो भाऊंच्या घरी ताजी मरळ पोचवायचा. बाई, म्हणजे भाऊंच्या मंडळी, खूश. आणि भाऊ बाईंच्या शब्दाबाहेर नाहीत.

मी दुसरा गोलकीपर. तीन वर्षं नुसता बसून. आमच्या शेतात पिकायचा कापूस, तो बाई काय रांधणार? हसू नका, खूप वाईट वाटायचं. एक मॅच, फक्त एक, एवढंच मागणं होतं माझं.

*

आणि मग ती फायनल, राजुऱ्यातच. सकाळी गणपत नेहमीप्रमाणे मरळ घेऊन भाऊंच्या दारात उभा! समोर बाई मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा मांडत होत्या. बाईंनी त्याला फाटकाबाहेर काढलं आणि तासाभरात पुढच्या सीटवर मी!

माझे बाबा पहिल्यांदाच मॅच बघायला आले होते. जीव तोडून खेळलो. एकही गोल खाल्ला नाही, पण आपलाही झाला नाही. गोष्ट पेनल्टीवर गेली, तसा भाऊंना घाम फुटला.

"गणपतले उभा करू काय?"

गणपतच म्हणाला, "राहू द्या भाऊ. चांगला खेळून राह्यला तो."

"तू गप राह्य. मी बाईले विचारून येतो!"

भाऊ जीप घेऊन निघून गेले. रेफरी घड्याळ बघतोय, समोरची टीम बोंबलतेय. मी गोलमध्ये उभा आणि बाबांची नजर माझ्यावर.

दहा मिनिटांनी जीप परत आली. पुढच्या सीटवर बाई! खाली न उतरताच त्यांनी आधी गणपतकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूच उभा राह्य रे. आज गुरुवार हाय. त्याच्या हाताले मासोळीचा वास येते."