कमळाकर मिस्त्रीचा व्हिडिओ

मुरबाडच्या डोंगराकडच्या त्या वाडीत कमळाकरला ओळखणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे जना. आणि कमळाकर पोचला तेव्हा जना बाजाराला गेली होती.

वाडीचं नाव इथं लिहीत नाही. त्या माणसांना तिथंच राहायचं आहे आणि कमळाकरलाही त्याच रस्त्यानं जावं लागतं.

कमळाकर किन्हवलीचा. घरची भातशेती भाऊ बघतो. हा तरुणपणी शहापूरला एका गिरणीत कामाला राहिला आणि तिथंच चक्कीच्या दगडांना टाकी मारायला शिकला. दळून दळून दगड गुळगुळीत झाले की पीठ भरड पडतं, हाताला चटका बसेल इतकं तापतं. मग दगड उतरवून छिन्नीनं ते पुन्हा खरखरीत करावे लागतात. हे काम करणारे आता थोडेच राहिले. त्यामुळं शेणव्यापासून पार टोकावड्यापर्यंत कुणाची चक्की अडली की फोन कमळाकरला. स्कूटीच्या पुढ्यात हत्यारांची पिशवी, डोक्याला रुमाल, आणि भुवयांत कायमचं अडकलेलं पीठ.

त्याला बोलायची फार खोड, आणि बोलायचं ते राजकारणावर. दळण घेऊन आलेल्या बायकांपुढं, टपरीवर, पेट्रोल भरताना, कुठंही. "धरणं आमच्या तालुक्यात, नि उन्हाळ्यात टँकर पन आमच्याच तालुक्यात," हे त्याचं ठरलेलं. मुरबाडच्या वर्षानुवर्षं रखडलेल्या रेल्वेचा विषय निघाला की म्हणायचा, "माझ्या लग्नाचं वऱ्हाड त्या रेल्वेनं येनार व्हतं. पोरगी कॉलेजला गेली, वऱ्हाड अजून वाटंतच हाय." मत कुणाला देतो ते मात्र बायकोलाही कधी सांगितलं नाही.

आणि एक नाद होता खेळण्यांचा. लहानपणी झिजलेल्या रबरी चपलांच्या चकत्या कापून तो चाकं करायचा. तेलाचा रिकामा डबा, त्याला ती चार चाकं, ओढायला तार, की झाली गाडी. पन्नाशी आली तरी तो नाद सुटला नव्हता. टाकी मारता मारता हाताला मुंग्या आल्या की तो थांबतो, आणि थांबला की चपलेची चाकं कापत बसतो. आसपास पोरं असली की गाडी त्यांची. रंजिता, त्याची बायको, वैतागायची. "अवो, जुन्या चपला घरात साठवून ठेवतात का कोन?"

त्या दिवसांत निवडणुकीची धामधूम होती. आणि सगळ्यांच्या फोनवर एक मेसेज फिरत होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, खेळणी दाखवून जवळ बोलावतात, बेशुद्ध करून गाडीत घालतात. सरळगावच्या टपरीवर कुणीतरी तो कमळाकरला वाचून दाखवला. कमळाकर हसला.

"इलेक्शनच्या टायमाला निवडून आलेली मानसं पळवतात. पोरं पळवून कोन काय करनार?"

टपरीवरचे सगळे हसले. चहा संपवून तो डोंगराकडच्या रस्त्याला लागला.

वाडीत बचत गटाच्या बायकांनी चक्की घातली होती, जनाच्या पुढाकारानं. चक्कीच्या खोलीची चावी जनानं दिपालीकडं ठेवली होती. दिपाली वाडीत नुकतीच नांदायला आलेली. तिनं डोक्यावरचा पदर सावरत कुलूप काढलं, "जनाकाकी येतेच, मिस्त्रीभाऊ," म्हणाली आणि शेजारी आपल्या घरी गेली.

कमळाकरनं वरचा दगड उतरवला. निम्मा झाला तेव्हा हात थांबवून तो बाहेर सावलीत बसला आणि पिशवीतून चपलेचे तुकडे काढले. पोरं आपोआप जमली. पहिली गाडी एका लहान मुलीला मिळाली. दुसऱ्या गाडीला तार हवी होती. ती स्कूटीच्या डिकीत होती, म्हणून तो उठून स्कूटीकडं गेला आणि म्हणाला, "या इकडं, अजून देतो."

ते ऐकून पहिल्या गाडीवाली मुलगी घरी पळाली. तिचा बाप शाम मुरबाडच्या एका कंपनीत कामाला होता आणि त्या दिवशी त्याला सुट्टी होती. मुलीनं सांगितलं, एका बाबानं गाडी दिली, आणखी देणार आहे, त्याच्या स्कूटीपाशी बोलावतोय. शामच्या हातात फोन होता. फोनवर तोच मेसेज होता.

कमळाकरला आधी पोरांच्या आयांच्या हाका ऐकू आल्या. पोरं एकदम पांगली. मान वर केली तर समोर शाम, आणि त्याच्यामागून आणखी माणसं येत होती.

"कोन रे तू? कुठचा?"

"किन्हवलीचा. चक्कीचं काम करतो. जनाबायनी बोलावलंय."

"जना हाय कुठं? तिला फोन लाव."

कमळाकरनं फोन काढला. रेंज नव्हती. वाडीत ती एका टेकाडावरच येते, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी कुणीतरी ओरडलं, "नाटक करतोय!"

एकानं पिशवी जमिनीवर पालथी केली. छिन्न्या, हातोडा, चपलेचे तुकडे, कापायची सुरी आणि काळसर तेलाची बाटली. बाटली पाहताच गर्दीतून आवाज आला, "ह्याच्यानंच बेशुद्ध करतात!"

"अरे, बेअरिंगचं तेल हाय ते. वास घे."

वास कुणी घेईना. शामनं बाटली उघडून त्याच्या तोंडासमोर धरली. "तू घे. तू पी."

आजवर कुठल्याही गर्दीत कमळाकर बोलून सुटला होता. आता त्यानं थोडं तेल तळहातावर ओतलं, मनगटापर्यंत चोळलं आणि हात पुढं केला. "बघा, तेल हाय. माझी पन पोरगी हाय, दादा."

"दुसऱ्यांच्या पळवून तिला पोसतोस?"

पहिला फटका कुणी मारला ते त्याला दिसलं नाही. तो मागून आला, खांद्यावर. दुसरा शामनं मारला, लाकडाच्या फळीनं, तो कमळाकरनं डाव्या हातावर झेलला आणि हाताचं हाड मोडल्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला. तो खाली बसला. कुणीतरी फोन उंच धरून ते सगळं टिपत होतं.

तेवढ्यात दिपालीनं त्याची कॉलर धरली. खरं तर ती त्याला ओढत होती, पण लोकांना वाटलं तीही मारायलाच आली, म्हणून त्यांनी वाट दिली. तिनं त्याला चक्कीच्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं आणि चावी मुठीत धरून दाराला पाठ लावून उभी राहिली.

"चावी दे," शाम म्हणाला.

"जनाकाकीला देईन."

"तू कालची आलेली, तुला काय कळतं गो?"

"तुमाला तरी काय कळलंय? तो आल्यापासून दगड फोडतोय, मी आवाज ऐकतेय. पोरं पळवनारा दगड कशाला फोडत बसंल?"

आत कमळाकर पिठाच्या पोत्यांना टेकून बसला होता. छपराच्या पत्र्यावर दगड पडत होते. मग दगड थांबले आणि पत्र्यावर पावलं वाजायला लागली. कुणीतरी वर चढून पत्र्याचे खिळे उचकटत होतं. एका कोपऱ्यातून ऊन आत आलं. उतरवलेल्या दगडाच्या मागं सरकायचा त्यानं प्रयत्न केला, पण मोडलेला हात हलवता येईना. त्याला रंजिता आठवली नाही, मुलगी स्नेहल आठवली नाही, देवही आठवला नाही. नंतर त्यानं हे स्वतःच सांगितलं. त्याला फक्त ते पत्र्याचं टोक दिसत होतं, थोडं थोडं वर उचललं जाणारं.

बाहेर दिपालीच्या दंडाला धरून कुणीतरी तिला ओढत होतं. तिच्या नवऱ्यानं तिचा दुसरा हात धरून ठेवला होता. तो एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या दिवशी मात्र त्यानं तो हात सोडला नाही.

बाजाराची जीप आली तेव्हा जनाला काय चाललंय ते आधी कळलंच नाही. कळल्यावर तिनं हातातलं गाठोडं तिथंच टाकलं. "माझा मिस्त्री आत हाय? माझा?" एवढंच ती ओरडली आणि पत्र्यावरच्या माणसाचं नाव घेऊन त्याला अशा शिव्या दिल्या की तो उडी मारून खाली आला. मग ती शामकडं वळली.

"तुझ्या घरची नाचणी कुठं दळतात रं? ह्याच चक्कीत ना? ती अडलीय, आता चालू कोन करनार? हाच."

गर्दी मागं सरली. पळाली नाही, मागं सरली. त्याच जीपमधून जना आणि दिपाली कमळाकरला मुरबाडच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

जीव वाचला, पण व्हिडिओ त्याच्या आधी किन्हवलीला पोचला. स्नेहलला तो मैत्रिणीनं पाठवला. वर लिहिलं होतं, मुलं चोरणारा पकडला, सावध राहा. बापाचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ज्या गावांत कमळाकर कामाला जायचा, त्या सगळ्या गावांच्या ग्रुपवर तो फिरत होता.

हाताला प्लास्टर घालून तो घरी आला, तेव्हा शेजारचा हरेश एका पुढाऱ्याला घेऊन आला. हरेश त्या पुढाऱ्याचा प्रचार करायचा. पुढाऱ्यानं विचारपूस केली, फळं ठेवली, आणि मग मुद्द्यावर आला.

"मारणारे समोरच्या पार्टीचे होते, असं ऐकलं. तुमी उद्या सभेत एवढंच सांगा. तुमचं नाव आमी साफ करून देतो."

हरेश खालच्या आवाजात म्हणाला, "काका, हो म्हन. तो व्हिडिओ दुसरं कोन थांबवनार?"

रंजिता दारात उभी होती. तिला वाटलं, नवरा आता हो म्हणेल. तिचीही तीच इच्छा होती.

"त्यांच्या हातात फळी व्हती, झेंडा नव्हता," कमळाकर म्हणाला. "पार्टीचं मला ठाऊक नाय. मी सांगितलं तर त्या वाडीतल्या लोकांची अजून कुठं तरी डोकी फुटतील."

पुढारी उठला. हरेश नंतर कितीतरी दिवस बोलला नाही.

पोलिसांना मात्र कमळाकरनं सगळं सांगितलं. कुणी मारलं, पत्र्यावर कोण चढलं, आणि वाचवलं कुणी. शामला आणि आणखी काही जणांना पकडलं, नंतर ते जामिनावर सुटले. केस चालू आहे. शामची बायको आणि जना एकदा किन्हवलीला आल्या, केस मागं घे म्हणून सांगायला. जनाला ते सांगणं आवडत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"केस ऱ्हाऊ दे," कमळाकर म्हणाला. "शामला एक निरोप सांग. ज्या ज्या ग्रुपवर माझा व्हिडिओ टाकलाय, त्या त्या ग्रुपवर त्यानं स्वतः बोलावं."

प्लास्टर निघाल्यावर तो स्नेहलला बरोबर घेऊन वाडीत गेला. रंजितानं खूप अडवलं होतं. चक्की बंदच होती. बायका दळण घेऊन खालच्या गावात चालत जात होत्या. स्नेहलनं फोन धरला. जना बोलली, दिपाली बोलली. शाम आला, पण त्याची मान वर होईना. "हा मिस्त्री हाय. पोरं पळवनारा नाय. माझी चूक झाली," एवढं त्याला बोलता आलं. मग थोडं थांबून म्हणाला, "मी घाबरलो व्हतो." कमळाकरनं मान हलवली, हात पुढं केला नाही. खोलीत जाऊन राहिलेला दगड पुरा करायला बसला. डावा हात पूर्वीसारखा चालत नव्हता, म्हणून संध्याकाळ झाली.

नवा व्हिडिओ थोड्याच लोकांनी पाहिला. जुना अजूनही कधीतरी कुठल्या तरी ग्रुपवर येतो. परवा डोळखांबकडच्या एका गावात कमळाकर पत्ता विचारायला थांबला, तर एका बाईनं त्याच्याकडं टक लावून पाहिलं आणि अंगणातल्या पोराला घरात ओढलं. कमळाकरनं गाडी बंद केली, हेल्मेट काढलं, आणि ती पुन्हा बाहेर येईपर्यंत तिथंच उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "मी किन्हवलीचा कमळाकर. चक्कीवाल्यांना फोन करून विचारा. तोवर मी हितंच उभा हाय."