अकरा सेकंद आधी गेलेली जीप

मी मेकॅनिक माणूस. आवाज येतोय म्हणजे कुठेतरी काहीतरी वाजतंय, एवढंच मानणारा. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जायचो. शिक्षण आठवीपर्यंत, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं गाव गडचिरोलीकडे. श्रीगोंद्याला साळवेमामांच्या गॅरेजात नऊ वर्षं होतो. नात्याचे नव्हेत, पण मामींनी पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाढलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून आतला बिघाड ओळखायला मामांनीच शिकवलं. आज जे काही येतं ते त्यांचं.

मामांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेसच्या गाड्या बांधल्या. कप मालकांच्या घरी गेले. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदाच स्वतःची लाल जीप उतरवली, पारनेरकडच्या माळावर. चालवणारही तेच. तिथे गाड्या एकेक सोडतात — आधीच्या गाडीची धूळ बसली की पुढची. फिनिशला दोन स्टॉपवॉच, एक आपल्या माणसाकडे, एक समोरच्या पार्टीकडे. फरक पडला तर पंच दोघांना विचारणार. आमचं घड्याळ माझ्याकडे होतं.

दुपारचे अडीच. एका बागायतदाराची पांढरी गाडी सगळ्यात कमी वेळात येऊन गेलेली. शेवटची आमची. झेंडा पडला, मी घड्याळ चालू केलं. वळणावरच्या बाभळींमागून आवाज आला... जवळ आला... आणि माझ्या पुढ्यातून गेला. शर्ट फडफडला, नडगीवर खडा बसला. अंगठा आपोआप दाबला गेला. बघतो तर — ट्रॅक मोकळा. धूळसुद्धा नाही.

मग वळणावरून जीप आली. अकरा सेकंदांनी.

माझ्या घड्याळाप्रमाणे जीप पांढरीच्या सात सेकंद पुढे, त्यांच्या घड्याळाप्रमाणे चार सेकंद मागे. खरी फास्ट कोणती, यावर वाद पेटला. त्यांचा माणूस म्हणाला, यानं गाडी यायच्या आधीच बटण दाबलं. कुणीतरी म्हणालं, दुपारचीच घेऊन आलंय बेनं. लोक हसले. पंचांनी विचारलं, बटण दाबलं तेव्हा गाडी दिसली का? मी नाही म्हणालो.

मामा हेल्मेट काखेत धरून उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "दिसायचं सोड. माझं इंजिन तू ऐकलं का न्हाई, तेवढं सांग."

ऐकलं होतं. त्या इंजिनच्या एका टॅपेटची बारीक टिकटिक महिनाभर माझ्या कानात होती, झोपेतही ओळखली असती. पण सगळे माझ्याकडे बघत होते... येडा ठरवतील, कुठल्याच गॅरेजात उभं करणार नाहीत... मी खाली मान घालून राहिलो.

पहिला नंबर पांढरीचा.

मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त इंजिन ऐकायला बोलवायचं बंद केलं. चार महिन्यांत मीच निघालो. आता कोल्हारला आहे.

मागच्या दिवाळीला मामींना फोन केला. ख्यालीखुशाली झाल्यावर त्या म्हणाल्या, "मामा अजून म्हनत्यात, लाईन त्येंनी एकदा वलांडली हुती. तू अंगठा दाबताना दिसला हुता. मग तेच वळन परत म्होरं आलं. त्येंनी तवा कुनाला सांगितलं न्हाई... म्हनले, पोरगं बोललं असतं तर मीबी बोललो असतो."

हे काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. नडगीवर खड्याचा वण आहे, तो खडा कुठून उडाला तेही नाही. इथे चहाच्या टपरीवर रेसचा विषय निघाला की लोक पांढरीचंच नाव घेतात.

मी तिथेही गप्प बसतो.