वीस बैठका

ठवकर गुरुजी पाटी हातात घ्यायच्या आधी धोतर खोचून वीस बैठका काढायचे आणि आमच्याकडूनही काढून घ्यायचे. आम्ही म्हणजे वाडीच्या गोदामातले हमाल. सत्तर सालाच्या आगेमागे, काम सुटल्यावर संध्याकाळी टिनाच्या शेडमध्ये आमचा प्रौढांचा वर्ग भरायचा. दिवसभर सिमेंटची पोती वाहून आलेल्या माणसांना हा बैठका काढायला लावतो म्हटल्यावर पहिल्या दिवशी माझं डोकंच फिरलं.

"पोती काय कमी वाह्यली का आमी, गुरुजी?"

"पोत्यानं थकला तू, सुदाम. यानं जागा होशीन," ते म्हणाले. "घाम फुटला का थांबाचं. घाम गळाले लागला, का त्याच्यासंगं अक्कल गळते."

वीस म्हणजे वीस. कोणी जोशात एकविसावी काढली तर गुरुजी चिडायचे. पण गोष्ट खरी होती. पेंगुळलेले डोळे उघडायचे, वाचलेलं ध्यानात राहायचं. सतराचा पाढा मला त्या शेडमध्येच आला. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. आपला स्वभावच तसा.

चौथी पास झालो तर मला वजनकाट्यावर नोंदी लिहायला बसायची जागा मिळणार होती. पाठ तेव्हाच बोलू लागली होती, पोती किती दिवस वाहणार? गुरुजींनी बजावलं, "परीक्षेच्या सकाळी पोत्याले हात लावू नको. वीस बैठका, अन् सिद्धा शाळेत."

त्या सकाळी वाटेत गोदामापुढे ट्रक उभा. माझा जोडीदार गणपत ओरडला, "काहून गा, परीक्षेच्या आंधीच साहेब झाला काय?" मला ते सोसलं नाही. अर्धा ट्रक एकट्यानं रिकामा केला आणि तसाच जाऊन पेपरला बसलो. घाम कागदावर गळत होता. सतरा आठे किती, ते काही केल्या आठवेना. घंटा होईपर्यंत कागदाकडे बघत राहिलो.

शाळेच्या फाटकाशी गुरुजी उभे. "बैठका काढल्या?"

"काढल्या ना वीस! तुमच्या बैठकांनीच घात केला. डोकंच बंद पडलं." सगळ्यांसमोर बोललो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माहंच चुकलं असन गा."

दुसऱ्या दिवसापासून बैठका बंद. महिनाभरात अर्धा वर्ग पाटीवर डोकं टेकून घोरू लागला. एकेक जण यायचा थांबला. वर्ग मोडला, गुरुजींची बदली कुही गावाला झाली. मी पुढच्या वर्षी पास झालो, घरी दार लोटून, गुपचूप वीस बैठका काढून. काट्यावर बसलो. बैठकांचं कोणाला सांगितलं नाही.

दहा-बारा वर्षांनी कळलं, गुरुजी अंथरुणाला खिळलेत. बसनं कुहीला गेलो. ओसरीत खाटेवर होते, सुकून गेलेले. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. मग पायजमा खोचला आणि खाटेपुढेच बैठका काढायला लागलो. ते हळू आवाजात मोजू लागले. बाराव्या बैठकीला गुडघे वाजले. विसाव्या बैठकीला म्हणाले, "बस. आता बोल."

मी ट्रकचं सांगितलं.

"खांद्यावर सिमेंट होतं तुह्या," ते म्हणाले. "तवाच दिसलं मले."

"मंग बैठका काहून बंद केल्या?"

"माहीत होतं मले. तरी वाटे, तुमी एवढे मरमर करून येता, खरंच माहं चुकून राहिलं असन तं?"

मी खोचलेला पायजमा सारखा केला.

"सतराचा पाढा म्हण," ते म्हणाले.

उभा राहून म्हणायला लागलो. सतरा आठे एकशे छत्तीस म्हणेपर्यंत त्यांचे डोळे मिटले होते. ऐकत होते की झोप लागली होती, कळलं नाही. मी पाढा पूर्ण म्हटला, आणि मगच निघालो.