बसका मांडव

आमच्या काकीच्या ओच्यात काय होतं हे विचारण्यापेक्षा काय नव्हतं ते विचारलेलं बरं. लुगड्याच्या पोटाशी खोचलेल्या त्या घडीतून सुई, सुतळी, हळकुंड, मिठाचा खडा आणि लाखेनं तोंड बंद केलेली बांबूची नळी निघताना मी रोज पाहत असे. नळीत काडीपेटी असे. ती ऐन श्रावणातही पहिल्या घासण्यात पेटायची. एकदा धानोऱ्याच्या बाजारातून येताना आमच्या गाडीच्या आसाची खीळ पडली, तर काकीनं ओच्यात हात घालून दुसरी काढून दिली. एकदा तर त्यातून जिवंत कोंबडी निघाली आणि मागाहून तिचं अंडं. कोंबडीबद्दल मी शपथ घ्यायला तयार आहे. अंड्याबद्दल आग्रह धरत नाही.

काका याच्या बरोबर उलट. आभाळात तळहाताएवढा ढग दिसला की ते धोतर आवळून घरभर फिरायचे आणि जी वस्तू हाती लागेल ती दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायचे. पाऊस येऊन जायचा आणि मग आठ दिवस घरात कुऱ्हाड सापडायची नाही. काकी त्यांना काही बोलत नसे. "त्याईले भेऊ द्या," म्हणायची, "घरात एक जन तरी भेनारं पायजे. नाई तं वावधन येऊन राह्यलं हे समजन कसं?" उन्हाळ्यात धूळ आणि गारा घेऊन येणाऱ्या वादळाला आमच्याकडे वावधन म्हणतात. काकांना त्याची चाहूल बैलांच्या आधी लागे.

काकीचं एक बोलणं सगळ्या गावाला पाठ होतं. गोठ्यामागे वाघ आल्याची बोंब उठली तेव्हा आम्ही पानावर बसलो होतो. काका उठले, मी उठलो, भिंतीवरची पालसुद्धा उठली. काकी वाढायचं न थांबता म्हणाली, "पयले जेवून घ्या. मंग भ्या. उपाशी मानसाले नीट भेताही येत नाई." आम्ही बसलो. जेवण होईपर्यंत वाघाला कंटाळा आला असावा. तो आमच्या घराकडे पाहून जांभई देऊन गेला असं लोक सांगतात. मी ते पाहिलं नाही. पण ज्यानं पाहिलं म्हणून सांगितलं, त्याला ते मीच सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट. गोठ्याच्या वरच्या कोपऱ्यात सागाच्या आणि ऐनाच्या वाळक्या लाकडांची एक रास होती. ऐन पावसात घरात सरपण ओलं, चूल पेटता पेटेना, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल, तरी त्या राशीला कोणी हात लावायचा नाही. काका एकदा चोरून एक ओंडका काढायला गेले, तर काकीनं तो त्यांच्या हातातून घेऊन परत जागेवर ठेवला. "ते माह्या कामाचे हायेत," एवढंच म्हणाली. कोणतं काम ते सांगितलं नाही. दर उन्हाळ्यात ती रास उतरवून उन्हात वाळवायची आणि पुन्हा नीट रचायची.

पण काकी खरी दिसली ती कौसीच्या लग्नात. कौसी म्हणजे काकीची एकुलती एक लेक. गाव स्वातंत्र्याला अजून नुकतंच रुळत होतं, आणि आम्ही जिल्ह्याला चांदाच म्हणत होतो. त्या वैशाखात वावधन एखाद्या लांबच्या पाहुण्यासारखं गावोगाव मुक्काम करत आमच्याकडे येत होतं. परवा नदीपलीकडे, काल दोन गावं सोडून. रोज दुपार कलली की उठायचं, एका गावच्या छपरांवरचे कवेलू उचलायचे आणि पुढच्या गावाच्या अंगणात टाकायचे. काही घरं त्या वर्षी शेजारच्या गावाच्या कवेलूंनी फुकटात शाकारली गेली, असं मी अजूनही सांगतो.

लग्नाच्या दिवशी सकाळी बांगड्या भरायला कासार आला, तो धुळीनं रंगलेला. "बाई," तो काकीला म्हणाला, "वावधन माह्या मांगंच लागलं हाय. काल मी ज्या गावात होतो तिथी एकही मांडो उभा नाई राह्यला. आज इथी येते." लग्नघरात बायांच्या हातातल्या बांगड्या थांबल्या. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे दिवस मावळतानाचा. वऱ्हाड तिसऱ्या प्रहरी पोचायचं. आणि अंगणात जांभळाच्या हिरव्या फांद्यांनी शाकारलेला, हत्ती जाईल एवढा उंच मांडव. ती उंची काकांच्या हौसेची होती.

"उतरवा मांडो," काका म्हणाले. "उडाला तं कवेलू घेऊन जाते, मानसं घेऊन जाते."

काकांची मोठी बहीण, आमची आत्या, विधींची राखणदार. ती दारात आडवी आली. "लगनाच्या आंधी मांडो उतरला तं लगन उतरलं. ज्या घरी मयत होते त्या घरचाच मांडो आंधी उतरते. पोरीच्या कपाळी हे लावता काय?"

दोघंही खरं बोलत होते. सगळे काकीकडे पाहू लागले. काकीनं हातातला चुडा भरून घेतला, कासाराला गूळ-पाणी दिलं, मग अंगणात जाऊन मांडवाकडे वर पाहिलं.

"उतरवाचा नाई, आत्याबाई," ती म्हणाली. "बसवाचा. उभं मानूस पडते. बसलेलं पडते काय?"

"मांडो बसते काय कुठी?"

"कोनी म्हनलंच नाई त्याले आजवर. बापू, करवत आन."

बापू म्हणजे मी. गावातल्या चार तरण्या पोरांनी मांडव खांद्यावर तोलला आणि मी एकेका खांबाचं बूड कापून तो पुन्हा रोवत गेलो. आत्यानं एकच अट घातली. पूजा करून रोवलेल्या मुहूर्तमेढीला करवत लागायची नाही. मग त्या खांबाभोवती फांद्यांना भोक पाडलं. मांडव कमरेच्या उंचीवर आला आणि मेढ तेवढी मधून वर निघून एकटीच उभी राहिली. कडेनं पळसाच्या मुळांचे दोर खुंट्यांना आवळले. त्याच वेळी काकीनं गोठ्यातल्या गुरांचे कासरे सोडायला लावले, माठ भरून घेतले आणि आचाऱ्याला सांगितलं की भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं वऱ्हाड येण्याआधी शिजलं पाहिजे आणि चुली पाणी मारून विझल्या पाहिजेत. "वावधन एक घर पाडते," ती म्हणाली. "चुलीतला इस्तो उडाला तं गाव जाते."

इकडे वऱ्हाडाच्या गाड्या शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली आल्या आणि थांबल्या. व्याही मोठा दांडगा माणूस. उंची एवढी की त्याच्या फेट्यावर बगळे विसावा घेत. त्यानं लांबून पाहिलं तर लग्नघरासमोर मांडव नाही, नुसता एक खांब. त्याचा आपल्या भागात एकच अर्थ. त्यानं गाड्या फिरवायला सांगितल्या. सामोरे गेलेल्या काकांनी खुलासा करायला तोंड उघडलं, आणि त्यांना रडू आलं. झालं. उरलीसुरली शंकाही मिटली. वऱ्हाडातल्या बायांनी गाडीतच पदर तोंडाला लावला.

मी धावत घरी आलो आणि सांगितलं. कौसी हळदीच्या अंगानं आत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. आईकडे पाहिलं फक्त. परत गेलेलं वऱ्हाड आमच्याकडे दुसऱ्यांदा येत नसे, आणि तशा पोरीच्या दारी दुसरं कोणी येत नसे.

काकीनं तांब्या भरला, ओच्यातून गुळाचा खडा काढला आणि शिवेकडे चालत गेली. पळाली नाही. मी मागून ढकलायच्या बेतात होतो.

"पानी प्या पयले, इवाईबुवा," ती म्हणाली. "घरी कोनी मेलं नाई. हे रडून राह्यले ते याईची तब्येतच तशी हाय."

"मांडो कुठी हाय?" व्याही म्हणाला.

"बसला हाय. तुमची वाट पाहून उभ्यानं थकला."

"थट्टा करता काय बाई?"

"मांगं पाहा."

व्याह्यानं मागे वळून पाहिलं. मावळतीकडचं आभाळ विटेच्या रंगाचं झालं होतं आणि झाडाचं एक पान हलत नव्हतं. त्याच्या बैलांनी माना खाली घातल्या होत्या.

"मी वाकत नाई कोनापुढं," तो जरा हळू आवाजात म्हणाला. "चांद्याच्या कचेरीतही वाकलो नाई."

"वाकू नोका. बसून या. पन पयले जेवा."

"लगन लागल्याबिगर पंगत?"

"लगन ओलं झालं तं सुकते," काकी म्हणाली. "भात ओला झाला तं सुकत नाई."

व्याह्यानं गाड्या पुन्हा गावाकडे वळवल्या. वऱ्हाड आलं, पत्रावळी पडल्या, आणि नवरदेवानं मुंडावळ्या वर करून बुंदी खाल्ली. पंगत उठते न उठते तोच वारा आला. पहिल्या झोतात समोरच्या घराचे कवेलू पत्त्यांसारखे उडाले. चिंचेत एक बकरी जाऊन अडकली. ती पुढे तीन दिवस खाली यायला तयार नव्हती, कारण वरचा पाला तिला आवडला. सगळं वऱ्हाड गुडघ्यांवर रांगत मांडवात शिरलं. व्याही सर्वांत शेवटी, फेटा काखेत धरून.

भटजी उकिडवे, नवरा-नवरी पाटावर, आणि मध्ये धरलेला अंतरपाट रुमालाएवढा. आम्ही सगळ्यांनी वरच्या फांद्या आणि कडेचे दोर दोन्ही हातांनी धरले. अक्षता टाकायला हातच मोकळे नव्हते. त्या आमच्याऐवजी गारांनी टाकल्या. मांडव फुगायचा, खाली बसायचा, पुन्हा फुगायचा, पण वाऱ्याला त्याच्याखाली शिरायला जागा मिळत नव्हती. भटजी शेवटच्या "सावधान"पर्यंत आले आणि अंतरपाट हातातून सुटून जो गेला तो आजतागायत सापडलेला नाही.

"अपशकून झाला," कोणीतरी पुटपुटलं.

"काहाचा अपशकून," काकीचा आवाज आला. "भटजींपेक्षा देवाले घाई होती. घाला माळा."

माळा पडल्या. वारा तासाभरात पुढच्या गावाला गेला. गावातली निम्मी छपरं गेली, काकीच्या घराचेही कवेलू गेले, पण माणूस कोणी दुखावलं नाही आणि मांडव होता तिथेच बसलेला होता. वऱ्हाडानं रात्री घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे. एवढं खरं की त्या गावात पुढे कित्येक वर्षं लग्नाचा मांडव कमरेएवढाच घालत. कौसीच्या पायगुणानं व्याह्याची भरभराट झाली ती या बसक्या मांडवामुळे, अशी त्यांची खात्री. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांना मी तिथे रांगत लग्नाला जाताना पाहिलं आहे. तो पहिला मांडव का बसवला होता हे त्यांना सांगायचं मी टाळलं. एवढ्या निष्ठेनं चाललेल्या गोष्टीत तोंड घालू नये.

वरात निघून गेल्यावर कंदील घेऊन मी मांडवात दोर सोडायला शिरलो. काकी मेढीला टेकून बसली होती. तिच्या दोन्ही तळहातांची साल निघाली होती. मुहूर्तमेढ एकटीच उंच, सगळा वारा तिच्यावर. आम्ही दोर धरले होते तेव्हा काकीनं सारा वेळ मिठी मारून ती मेढ धरून ठेवली होती. वारा जाऊनही तिचा एक हात मेढीभोवतीच होता.

"काकी, तू जेवली काय?"

तिनं मान हलवली. सकाळपासून पाणीसुद्धा नाही.

"पान आनू?"

"थांब, बापू," ती म्हणाली. "आता भेऊन घेतो जराशी. मंग जेवतो."

मी तिच्या शेजारी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं मेढ सोडली. मग तिनं ओच्यातून हळकुंड काढून उगाळलं, तळहातांना लावलं आणि थंड भात मागितला.

काका तिच्या आधी गेले. ती त्यांच्यानंतर काही वर्षांनी, भर श्रावणात. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. गावात कोणाच्या घरी चितेपुरतं सुकं लाकूड नव्हतं आणि माणसं ओसरीवर एकमेकांकडे पाहत उभी होती. मग कौसी उठली, गोठ्यात गेली आणि वर बोट केलं. रास जशीच्या तशी होती. गेल्या उन्हाळ्यातच वाळवून रचलेली, खडखडीत. नळीतली काडीही पहिल्या घासण्यात पेटली. इथे मी काहीही वाढवून सांगत नाही.

परत आलो तेव्हा शेजाऱ्यांनी भात आणून ठेवला होता. कोणाचा हात पुढे होत नव्हता. कौसीनं पदर खोचला, पत्रावळी मांडल्या आणि वाढायला सुरुवात केली.

"पयले जेवून घ्या," ती म्हणाली. "मंग रडा."

आम्ही जेवलो. मी दोनदा भात घेतला. "कौसी, तू?" मी विचारलं.

"मी मंग," ती म्हणाली. सगळ्यांची पानं उचलल्यावर ती गोठ्यात गेली आणि राशीच्या रिकाम्या कोपऱ्याखाली भिंतीला टेकून बसली. तिला बराच वेळ कोणी हाक मारली नाही. मी तिच्यापुरता भात झाकून ठेवला.