ओडरमाटांच्या हान्सीची सोयरीक

स्वित्झर्लंडमधल्या ओल्टनच्या स्टेशनमागे आमची जी चारमजली इमारत आहे, तिथे कास्पर ओडरमाट यांना न घाबरणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची बायको ट्रूडी. गेल्या शरदात ती गेली. मग त्यांना न घाबरणारा एक पोपट तेवढा उरला.

ओडरमाटांनी सगळी नोकरी रेल्वेत तिकिटं तपासण्यात काढली होती. निवृत्तीनंतर डबा गेला, प्रवासी गेले, पण तपासायची खोड काही गेली नाही. इमारत होतीच समोर. रविवारी रिकाम्या बाटल्या टाकायला कोण गेलं, दुपारच्या शांततेच्या वेळात झाडूचं यंत्र कोणी फिरवलं, तळघरातल्या सामायिक धुलाईखोलीत यंत्राच्या जाळीवर कोणाच्या कपड्यांचा भुसा राहिला, सगळं त्यांना ठाऊक असे. आणि ते घरी येऊन सांगत. चिडून नव्हे, अगदी सौम्यपणे, हातात तो भुसा घेऊन. त्यांना राग येत नसे हेच लोकांना सहन होत नसे.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो बुटांत. जिन्यात दाराबाहेर बूट ठेवायचे नाहीत, असा इमारतीचा नियम आहे. आग लागली तर माणसं पळताना अडखळतील म्हणून. आग कधी लागली नाही, पण ओडरमाट तिची वाट बघत असल्यासारखे दर संध्याकाळी सगळे मजले फिरून येत.

स्वतःच्या घराचं दार उघडलं की मात्र हा माणूस वेगळाच होई. आतून ट्रूडीचा आवाज येई, “कास्पर, बूट.” की हे मुकाट्याने वाकत आणि नाड्या सोडत. घरात तिचा शब्द चाले. नाही म्हणायला रविवारच्या बदामाच्या केकचे तुकडे ते स्वतः कापत, सगळे सारखे. तो केक मंगळवारपर्यंत कसा संपतो, हे कोडं मात्र त्यांना तिच्या हयातीत सुटलं नाही. ट्रूडीला विचारलं तर ती म्हणे, “तूच खाल्लास, आता आठवत नसेल.” ते मान डोलावत.

हान्सी, म्हणजे तो पोपट, ट्रूडीचा. निळा, मुठीएवढा, बजी जातीचा. त्याचं खाणंपिणं, त्याची शीळ, त्याची अंघोळ हे सगळं तिचं खातं होतं आणि ओडरमाट दुसऱ्याच्या खात्यात लुडबुड करत नसत. तिला दफन करून, नातेवाइकांबरोबर सूप आणि हॅमचं जेवण उरकून ते ओल्या बुटांनी घरी आले, दार उघडलं, आणि आतून आवाज आला, “कास्पर, बूट.” हुबेहूब ती. शेवटच्या अक्षरावरचा तो कंटाळासुद्धा तिचाच. ओडरमाट बुटांच्या कपाटावर बसले आणि एक बूट हातात धरून रडले. त्या दिवसात ते पहिल्यांदाच रडत होते.

तेव्हापासून त्यांना बाहेर जायची आवड लागली. टपालपेटी बघायला जायचं, परत यायचं. पाव आणायला जायचं, परत यायचं. हान्सी एकदाही चुकला नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या मार्लीस इम्बोडेन यांची घंटा वाजवली. इम्बोडेनबाई मूळच्या वालिसच्या डोंगरातल्या. त्या मऊ बोलत नाहीत, आणि त्यांचे चिखलाचे बूट कायम दाराबाहेर असतात. गावाबाहेर भाड्याच्या बागेत त्यांचं मोठं पक्षिघर आहे, चिखल तिथलाच.

“इम्बोडेनबाई, बूट,” ओडरमाट म्हणाले.

“दिसतायत मला. माझेच आहेत.”

“जिन्यात आहेत.”

“अहो ओडरमाट, माझे बूट निदान जोडीने तरी आहेत,” बाई दाराला टेकून म्हणाल्या. “तुमचा तो निळा बिचारा एकटा आहे ना? या देशात बजी एकटा ठेवायला कायद्याने बंदी आहे. माहीत असेलच तुम्हाला.”

त्यांना माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांना असा नियम सांगत होतं जो आधी त्यांनी त्या माणसाला सांगितला नव्हता. ते घरी आले, शोधलं, आणि बाईंचं म्हणणं खरं निघालं. कळपाने राहणाऱ्या प्राण्याला सोबत हवीच, असा कायदा होता आणि कित्येक वर्षं होता. म्हणजे ओडरमाटांच्या घरात, त्यांच्या देखत, त्यांच्याच पैशाचं बी खाऊन गुन्हा रोज शीळ घालत होता.

आता दुसरा कोणी असता तर त्याने हळूच एक पक्षी आणला असता, नाहीतर पडदा ओढून घेतला असता. ओडरमाटांना या दोन्ही गोष्टी सुचल्यासुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्या उघडल्या त्यांनी पशुवैद्यक खात्याला फोन लावला.

“तक्रार नोंदवायची आहे. एका गृहस्थांनी बजी एकटा ठेवलाय.”

“त्यांचं नाव?” पलीकडच्या मुलीने विचारलं.

“ओडरमाट, कास्पर.”

“आणि तुमचं?”

“ओडरमाट, कास्पर.”

“भाऊबंदकी आहे का?” तिने जपून विचारलं.

“नाही. मीच तो.”

“मग आजोबा, दुसरा पक्षी आणा की. आम्हाला कशाला फोन करता?”

“दंड?”

“दंड नाही.”

“असं कसं? निदान मुदत तरी द्या.”

त्या मुलीने, बहुधा फोन ठेवता यावा म्हणून, महिनाअखेरची मुदत दिली. ओडरमाटांचं मन हलकं झालं. शिस्तीत काम झालं होतं. त्याच समाधानात ते इम्बोडेनबाईंकडे गेले आणि पक्षी मागितला.

“देईन की. फुकट देईन,” बाई म्हणाल्या. “पण तुमचा हान्सी बोलतो ना ट्रूडीसारखा? ते जाईल हं. त्याला त्याची माणसं मिळाली की तुमची काय गरज? एकटा आहे म्हणून बोलतोय तो तुमच्याशी.”

ओडरमाट जिन्यात उभेच राहिले.

“पिंजऱ्यात नुसता आरसा लावला तर?” त्यांनी विचारलं.

“आरसा म्हणजे फसवणूक. तुम्हाला चालेल?”

ते चालणार नव्हतं. तक्रार मागे घेता आली असती, पण त्यांनी जन्मात कधी तक्रार मागे घेतली नव्हती. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. त्या संध्याकाळी त्यांनी हान्सीकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाणी प्यायच्या नळीला चोच घासत होता, गळ्यातून बी काढून त्या नळीला भरवत होता. ओडरमाटांना ते बघवेना. ट्रूडी गेल्यापासून ते स्वतः तिच्या उशीची खोळ रोज सरळ करत होते. मुदत होती तशीच ठेवायची, असं त्यांनी ठरवलं.

मग सोयरीक सुरू झाली. मुलीकडच्या म्हणून इम्बोडेनबाई भोकांच्या खोक्यातून झिटाला घेऊन आल्या. हिरवी, तरतरीत, डोळ्यांत जरब असलेली. हान्सी बघायला पुढे सरकला, पण बाईंनी खोका तसाच झोपायच्या खोलीत नेला.

“आधी वेगळ्या खोलीत. काही आजारबिजार असला तर कळेल. मग दोन पिंजरे शेजारी शेजारी. मग नवा पिंजरा, दोघांनाही नवा.”

“नवा कशाला? हान्सीचा चांगला मोठा आहे.”

“म्हणूनच. आधीपासून राहणाऱ्याला वाटतं, घर आपल्या बापाचं आहे. येणाऱ्याला मग हे करू नको, ते ठेवू नको,” बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. “आमच्या इमारतीत आहे एक तसा.”

ओडरमाटांना टोमणा कळला नाही. ते नियमांवर खूश होते. बियांच्या वाट्या दोन, एकमेकींपासून लांब, म्हणजे एकाला दुसऱ्याला उपाशी ठेवता येणार नाही. दांड्या सगळ्या नव्या जागी, म्हणजे जुना हक्क कोणाचा नाही. पहिल्या दिवशी बाहेर जायचं नाही, समोर बसून लक्ष ठेवायचं. इतकी चांगली नियमावली इमारतीलासुद्धा नव्हती.

शेजारी पिंजरे ठेवले तेव्हा हान्सी गजांना चिकटून एवढी मान हलवू लागला की ओडरमाटांनाच लाज वाटली. झिटा पाठ करून बसली. नव्या पिंजऱ्यात दोघांना सोडल्यावर तिने सगळ्यात वरची दांडी घेतली, तिथे आलेल्या हान्सीच्या पायाला एक चोच मारली, आणि घराचा कारभार कोणाकडे आहे ते एका मिनिटात ठरलं. हान्सी खालच्या दांडीवर गेला. बघता बघता पुन्हा वर आला, जरा अंतर ठेवून. संध्याकाळी ती त्याच्या डोक्यावरची पिसं साफ करत होती आणि त्याने डोळे मिटून घेतले होते.

“बघा,” इम्बोडेनबाई म्हणाल्या. “संसार लागला.”

ओडरमाटांनी खात्याला फोन करून आरोपीने कायद्याचं पालन केल्याचं कळवलं. त्या मुलीने अभिनंदन केलं.

आणि हान्सी गप्प झाला. म्हणजे चिवचिव भरपूर, दिवसभर, पण ती सगळी झिटाशी. ओडरमाटांनी दार उघडलं की आतून काही येईना. त्यांनी पायपुसण्यावर पाय आपटले. बुटांसकट दिवाणखान्यात गेले. शेवटी तर ते, मला लिहायलाही कसंतरी वाटतं, पावसाच्या चिखलाचे बूट घालून ट्रूडीच्या फिक्या गालिच्यावरून थेट पिंजऱ्यापर्यंत चालत गेले आणि समोर उभे राहिले. दोघं पक्षी एकमेकांच्या मानेत चोच घालून बसले होते. कास्पर ओडरमाट घरात बूट घालतो की नाही, याची आता जगात कोणालाही पर्वा नव्हती. ते गुडघ्यांवर बसून गालिचा पुसत राहिले. ट्रूडीला दुसऱ्यांदा पोचवल्यासारखं त्यांना वाटलं, आणि या खेपेला तर अर्जही त्यांचाच होता.

बरेच दिवस त्यांनी काढले. मग एका दुपारी त्यांनी ठरवलं की झिटाला परत द्यायचं. कायदा गेला खड्ड्यात, असं ते मोठ्याने म्हणालेसुद्धा, आणि म्हणून झाल्यावर खिडकी बंद आहे ना ते बघून आले. कोट घातला, दार धाडकन लावलं, जिन्याच्या चार पायऱ्या चढले, आणि आठवलं की भोकांचा खोका घरातच राहिला. परत आले. किल्ली कुलपात घालणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

“गेला एकदाचा.”

ट्रूडी. पण ही बुटांवरची ट्रूडी नव्हती. हा आवाज सैल होता, लाडिक होता, आणि त्याच्या मागोमाग हसू आलं, बारीक, नाकातून निसटलेलं.

“गेला एकदाचा. चल, केक काढू.”

ओडरमाटांचा हात किल्लीवर तसाच राहिला. आधी केकचं कोडं सुटलं. मग राग आला, चांगलाच आला. इतकी वर्षं हे बाहेर पडले की बायको सुटकेचा श्वास सोडायची आणि पोपटाबरोबर मेजवानी करायची. याची तक्रार करायची तर कोणाकडे, असा विचारही त्यांच्या मनात आला. आणि मग आत हान्सीने ते हसू पुन्हा काढलं, झिटासाठी, तिला खूश करायला, आणि ओडरमाटांचा राग कुठल्या कुठे गेला. हे हसू त्यांनी लग्नाआधी एकदा ऐकलं होतं, तळ्यातल्या बोटीत, त्यांची टोपी पाण्यात पडली तेव्हा. नंतर ते कुठे गेलं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते घरातच होतं. ते यांच्या घराबाहेर पडण्याची वाट बघत होतं.

पायाखालची फळी वाजू नये म्हणून त्यांनी तिथेच बूट काढले, दाराशेजारी ठेवले, आणि मोज्यांवर उभे राहून दाराला कान लावला.

वरून इम्बोडेनबाई कपड्यांची टोपली घेऊन उतरत होत्या. त्या थांबल्या. आधी बुटांकडे बघितलं, मग माणसाकडे.

“ओडरमाट. जिन्यात बूट.”

“हळू बोला.”

“काय झालं?”

“ट्रूडी हसतेय,” ते म्हणाले. “मी घरी नाही म्हणून.”

बाईंनी टोपली खाली ठेवली आणि आपल्या पायातले बूट काढून त्यांच्या बुटांशेजारी लावले.

आता ओडरमाट रोज दुपारी बाहेर पडतात. लोक म्हणतात, बरं झालं, म्हातारा फिरायला लागला, तक्रारीही कमी झाल्या. रविवारी ते केक आणतात आणि पूर्वीसारखाच कापतात, फक्त एक तुकडा पिंजऱ्याशेजारच्या बशीत झाकून ठेवतात. मग दार मोठ्याने लावतात, जिन्यात दोनचार पावलं जोरात वाजवतात, बूट काढून हातात घेतात आणि पाय न वाजवता परत येतात.

“गेला एकदाचा,” आतून आवाज येतो.

“हो गं,” ओडरमाट दाराला कान लावून हळूच म्हणतात, “गेलो.”