मांडवापुरता आवाज

आमच्या तळवलीच्या घरात मांडव नसताना धवला म्हणत नाहीत. धवला म्हणजे आमची लग्नातली गाणी, आणि माझी आई ती गाणारी धवलारीण. एरवी तिला कितीही गळ घाला, उत्तर ठरलेलं. "मांडव नाय तं धवला नाय."

धाकट्या बहिणीच्या हळदीत भावाने आईचा आवाज टेप करून काडेपेटीएवढ्या म्युझिक प्लेअरमध्ये चढवला. त्यात मध्येच तिला ठसका लागतो, "पानी दे गो, घसा सुकला" म्हणते आणि पुन्हा सुरू होते. पुढे आई गेली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक हळदीत तो प्लेअर स्पीकरला जोडून वाजवतात आणि लग्न उरकलं की मुंडावळ्यांच्या डब्यात ठेवून देतात. एरवी कोणी लावत नाही. आईचा नियम आम्ही यंत्रालाही लावला, एवढे आम्ही शहाणे!

आता माझ्या मुलीची हळद तोंडावर आली, म्हणून मी तो चार्जिंगला लावला. गाणं नाहीच. पडद्यावर सूचना आली, खात्यात लॉग-इन करा. मी भावाला फोन केला.

"ताई, बॅटरी पार उतरली की तो कंपनीच्या साइटला विचारल्याशिवाय उघडत नाही," तो म्हणाला. "आणि ती सर्व्हिसच बंद झालीय. आता विचारणार कोणाला?"

ज्या कॉम्प्युटरवरून त्याने गाणी चढवली होती, तो केव्हाच भंगारात गेला होता.

घणसोलीतला मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, "रीसेट मारला तर चालू होईल मॅडम, पन आतलं सगळं उडेल." मी प्लेअर त्याच्या हातातून हिसकावूनच घेतला. पडद्यावर दोनच बटणं होती, 'पुन्हा प्रयत्न करा' आणि 'सर्व पुसा', तीही एकमेकांना चिकटून. माझं जाड बोट चुकून भलत्यावर पडेल या धास्तीने मी पहिलं बटण कानातल्याच्या टोकाने दाबायचे. डाळ करपली, दूध उतू गेलं, तरी माझं प्रयत्न करणं चालूच.

"आई, टेन्शन नको घेऊ," मुलगी म्हणाली. "दुसरी धवलारीण बोलवू."

"बोलव की. आजीपण भाड्याने मिळते का बघ."

ती उठून आत गेली. मला वाईट वाटलं, पण भीतीपुढे तेही टिकलं नाही.

हळदीच्या सकाळपर्यंत प्लेअर उघडला नाही. मांडवात चुलती म्हणाली, "तूच म्हन आता. तिची पोर हाय ना तू?"

डोळे मिटून मी सुरू केलं. शब्द येत होते! पण एका जागी मी आपोआप थांबले. आई तिथेच ठसकायची. समोरून चुलती आईच्याच सुरात म्हणाली, "पानी दे गो, घसा सुकला."

मांडव खदखदून हसला. मला रडू फुटलं. मग सगळ्याच बायका माझ्याबरोबर म्हणू लागल्या आणि मला वाटलं, निभावलं.

चार-दोन ओळींनी एकेक आवाज गळत गेला. शेवटी मीही थांबले. दरवेळी ठसक्यानंतर हशा पिकायचा, हळदीची धुमाळी व्हायची. पुढचं कोणी नीट ऐकलंच नव्हतं. पिवळे हात तसेच धरून आम्ही सगळ्याजणी स्पीकरशेजारी ठेवलेल्या त्या बंद प्लेअरकडे बघत बसलो.